मन लावून उचललेला हात



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा तर दवाखान्यातला विषय, व्याख्यानमालेत कशाला? पण या सभागृहात असं किती जणांचं घर असेल, की ज्यांच्या नात्यागोत्यात कोणाच्याच अंगावरून वारं गेलेलं नाही? जगभरच्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज असा आहे की पंचविशी ओलांडलेल्या दर चार माणसांपैकी एकाला उरलेल्या आयुष्यात कधी ना कधी पक्षाघाताचा झटका येतो. चारांत एक. आता रांगेत बसलेल्यांनी लगेच शेजारी बघू नका, उगाच संशय नको!

झटका आला की घरात काय होतं, हे इथे कोणाला सांगायला नको. तोंड वाकडं होतं, जीभ जड होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. मग गाव गोळा होतं. कोणी तेल सांगतं, कोणी झाडपाला, कोणी देवऋषी. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारेही आजवर संपलेले नाहीत. या सगळ्यात जातो तो वेळ. रक्तवाहिनी तुंबून आलेल्या झटक्यात उपचाराविना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आधी सीटी स्कॅन काढावा लागतो, कारण झटका रक्तस्रावाचा असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. पुणे यवतहून चाळीसेक किलोमीटर. १०८ ला फोन लावला आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात नेलं, तर साडेचार तास पुरतात. सकाळपर्यंत वाट पाहिली, तर पुरत नाहीत. एवढं सांगून हा भाग इथेच थांबवू. आजचं बोलणं त्याच्या पुढचं आहे. माणूस वाचला, घरी आला, पडवीत खाट टाकली. आता पुढे काय?

पुढे काय, याचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे मालिश. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी येतं, तेल लावतं, हात-पाय रगडतं, ओढतं. पेशंट डोळे मिटून किंवा छताकडे बघत पडलेला असतो. हात हलतो, पण तो दुसऱ्याने हलवलेला असतो. आजचं सगळं म्हणणं एवढ्याच फरकाबद्दल आहे. हात कोण हलवतंय? आणि तो हलताना पेशंटचं मन कुठे आहे?

पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. पक्षाघातात हाताला काहीही झालेलं नसतं. हाड शाबूत, स्नायू शाबूत, कातडी शाबूत. बिघाड मेंदूत आहे. या भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. मुठा उजवा कालवा वर कुठे फुटला तर खाली दौंडकडचा ऊस सुकतो. तेव्हा कोणी उसाला तेल चोळत बसत नाही. जमीन चांगली आहे, पाण्याची वाट बंद झाली आहे. मग दुसऱ्या चारीने, दुसऱ्या दंडाने पाणी फिरवता येईल का, हे बघितलं जातं. मेंदू नेमकं हेच करू शकतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकू शकतात. अमेरिकेत रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ साली माकडांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. मेंदूला छोटी इजा झाल्यावर ज्या माकडांकडून हाताने बारीक काम करून घेतलं, त्यांच्या मेंदूतला हाताचा प्रदेश टिकला, काहींचा पसरलाही. ज्यांना तसंच सोडलं, त्यांचा आजूबाजूचा चांगला प्रदेशही आकसला.

तसंच सोडलं, हे शब्द लक्षात ठेवा. कारण आपल्या घरांत प्रेमापोटी हेच होतं. दादा, तुम्ही बसा. आई, तू उठू नको, मी भरवते. पाण्याचा तांब्या तोंडाशी, चप्पल पायाशी, शर्टाची बटणं सुनेच्या हातून. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला माकडांमध्ये दिसलं होतं की अधू झालेला हात सुरुवातीला साथ देत नाही, म्हणून प्राणी तो वापरायचं सोडून देतो. पुढे त्या हातात ताकद आली तरी तो न वापरण्याचीच सवय जडलेली असते. त्यांनी उलटं केलं. चांगला हात बांधून टाकला. दुबळा हात कामाला लागला.

माणसांवर याची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. झटक्यानंतर ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते, मनगट-बोटं थोडीफार हलणारे. दोन आठवडे त्यांच्या चांगल्या हातावर जाड मोजा चढवला, तोही जागेपणीचा ९० टक्के वेळ. दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास खरीखुरी कामं करून घेतली. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यापेक्षा यांचा हात स्पष्टपणे सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकली. दोन आठवड्यांचं काम, वर्षभराचा पल्ला.

आता मोजणीचा एक प्रश्न. हात शिकायला किती वेळा हलवावा लागतो? प्राण्यांवरच्या प्रयोगांत एका दिवसात चारशे-सहाशे आवर्तनं करून घेत. कॅथरीन लँग यांनी २००९ साली अमेरिका-कॅनडातल्या उपचार केंद्रांत बसून मोजलं, की एका सत्रात रुग्ण हाताने उपयोगाच्या हालचाली प्रत्यक्षात किती करतो. सरासरी निघाली ३२. सुसज्ज केंद्रात, पगारी तज्ज्ञासमोर, ३२. मग सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या मालिशवाल्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

शेकडो वेळा करण्याजोगं काम कुठे मिळेल? आपल्याच घरात. शेंगा फोडणं. ज्वारी निवडणं. लसूण सोलणं. भाकरी थापणं तर दोन्ही हातांचं, तालाचं आणि नजरेचं काम. जिने चाळीस वर्षं भाकरी थापली, तिच्या मेंदूत ती चाल किती खोल रुजली असेल! डाव्या अंगावरून वारं गेलेल्या बाईला तव्याजवळ बसवू नये हे खरं, तिथे भाजण्याचा धोका आहे. पण परातीत पिठाचा गोळा देऊन दोन्ही हात त्यावर ठेवायला काय हरकत आहे? भाकरी वाकडी होऊ द्या. ती भाकरी खाण्यासाठी नाहीच.

आता मनाकडे वळू. मन म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं. एक म्हणतं, सगळं मनाचेच खेळ, इच्छाशक्ती हवी. दुसरं म्हणतं, मनबिन काही नाही, नस दबली आहे. दोघांचंही चुकतं. अमेरिकेत अल्वारो पास्कुआल-लिओने यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. काही जणांनी पाच दिवस, रोज दोन तास पियानोवर पाच बोटांचा सराव केला. दुसऱ्या गटाने बोट न हलवता फक्त मनात वाजवलं, तेवढाच वेळ, तेवढ्याच एकाग्रतेने. पाच दिवसांनी दोन्ही गटांच्या मेंदूत बोटांचा प्रदेश जवळजवळ सारखाच वाढलेला आढळला. वाजवण्यातली सफाई मात्र खरोखर वाजवणाऱ्यांचीच जास्त होती. म्हणजे मनात केलेली हालचाल वाया जात नाही, पण तिने प्रत्यक्ष हालचालीची जागाही घेता येत नाही. ज्याचा हात अजून हललाच नाही, त्याने कोपर वाकवून पेला उचलल्याचं मनात, सावकाश, वजनासकट अनुभवायचं आणि त्याच क्षणी हाताला हुकूम द्यायचा. हात ऐको न ऐको.

आरशाची गोष्ट याहून गमतीची. मूळचे तमिळनाडूचे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात हात कापलेल्या रुग्णांसाठी आरसा वापरला. पुढे १९९९ साली तोच आरसा पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर वापरून पाहिला गेला. टेबलावर आरसा उभा ठेवायचा, दुबळा हात आरशामागे, चांगला हात आरशासमोर. चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं. डोळ्यांना दिसतं, की अधू हात सुरळीत चालतोय. मेंदू काही वेळ फसतो आणि त्या फसण्यातून शिकतो. नऊ रुग्णांपासून सुरू झालेलं हे काम २०१८ सालच्या एका मोठ्या आढाव्यापर्यंत ६२ अभ्यास आणि १,९८२ रुग्णांपर्यंत पोचलं होतं, आणि हाताची हालचाल सुधारण्यात आरशाचा उपयोग होतो असा निष्कर्ष निघाला. खर्च किती? कपाटावरचा आरसा काढण्याइतका.

आता योग. इथे जरा जपून बोलायला हवं, कारण योगाविषयी आपल्याकडे भक्ती फार आणि मोजमाप कमी.

मोजमापाची परंपरा मात्र पुणे जिल्ह्यातलीच आहे. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आणि त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक. आसन केल्यावर शरीरात काय घडतं, हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासण्याचा त्यांचा आग्रह होता. त्याच कसोटीवर पक्षाघात आणि योग लावून पाहू. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटका येऊन बराच काळ लोटलेले ४७ जण होते. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, खुर्चीत बसून, उभं राहून, आडवं होऊन जमेल तसा योग. योग करणाऱ्यांचा तोल सुधारला, पडण्याची भीती कमी झाली. पण योग न करणाऱ्या गटाशी थेट तुलना केली तेव्हा फरक ठाम म्हणावा इतका निघाला नाही. २०१७ सालच्या आढाव्यात निकषांत बसणाऱ्या चाचण्या सापडल्या फक्त दोन, रुग्ण ७२. चिंता आणि स्मरणशक्तीत थोडी सुधारणा दिसली, यापलीकडे ठाम बोलण्याइतका पुरावा नव्हता. योगाच्या देशात बसून हे ऐकायला बरं वाटत नाही. पण कुवलयानंदांना ते आवडलं असतं.

चीनच्या ताई-ची या संथ व्यायामाचा आकडा जरा बोलका आहे. ॲरिझोनातल्या १४५ रुग्णांचे तीन गट केले, बारा आठवडे. एका गटाला ताई-ची, दुसऱ्याला ताकद आणि दम वाढवणारे व्यायाम, तिसऱ्याला नेहमीची देखभाल. त्या काळात तिसऱ्या गटात १५ वेळा कोणी ना कोणी पडलं, दुसऱ्यात १४ वेळा. ताई-चीच्या गटात ५ वेळा. ताई-चीत असं आहे तरी काय? एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश भार नेणं, नजर हाताबरोबर फिरवणं, श्वास न रोखणं, आणि प्रत्येक क्षणी आपला पाय कुठे आहे याचं भान. पक्षाघातातून उठलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका कशाचा? पडण्याचा. मांडीचं हाड मोडलं की सहा महिन्यांची मेहनत एका क्षणात मातीत.

आपल्याकडे याला शोभेल असं काय आहे? दरवर्षी तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला येते, भैरवनाथाच्या मंदिरात मुक्काम असतो आणि गावभर पिठलं-भाकरीचा घमघमाट सुटतो. वारकरी पावली खेळताना कधी नीट पाहिलंय? एक पाऊल पुढे, एक मागे, भार उजवीकडून डावीकडे, टाळ दोन्ही हातांत, नजर समोरच्यावर, तोंडात अभंग. भार बदलणं, दोन्ही हात, ताल, आवाज, सोबत. यातला तालाचा भाग शास्त्राने तपासलेला आहे. मायकेल थॉट यांनी १९९७ साली दाखवलं, की ठेक्याबरोबर चालण्याचा सराव केलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांचा चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी, बिनठेक्याच्या सरावापेक्षा जास्त सुधारली. म्हणून कोणी उद्याच आजोबांना दिंडीत ढकलू नये! भिंतीजवळ, पुढे जड खुर्ची, मागे धरायला माणूस, आणि कोपऱ्यात टाळ वाजवणारा एक नातू. एवढी पावली पुरे.

आवाजाचंही तेच. उजवं अंग गेलेल्या पुष्कळांची वाचाही जाते, कारण बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला असतो. पण पाणी हा शब्द न निघणारा माणूस कधीकधी भजनाची अख्खी ओळ म्हणून जातो. घरचे चक्रावतात, सोंग करतोय की काय? सोंग नाही. ओळखीचं गाणं म्हणताना मेंदूची उजवी बाजूही कामाला लागते. १९७३ साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावरच एक उपचारपद्धती बेतली. रोजच्या कामाची वाक्यं चालीत म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि हळूहळू चाल सोडत बोलण्याकडे यायचं. चहा दे, पाणी दे, लाईट लाव. ज्या गावात हरिपाठ पाठ आहे, तिथे चालीची टंचाई कसली?

काय करू नये, तेही सांगायला हवं. शीर्षासन नाही. मान झटकन मागे टाकणं किंवा मुरडणं नाही. कपालभाती नाही, श्वास कोंडून धरणं नाही. दुबळा हात धरून कोणालाही उठवू नका. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटतो, आणि मग दुखतं म्हणून पेशंट हाताला हातच लावू देत नाही. जोरकस मालिशवाल्यांनीही किती खांदे असे बिघडवलेत! आडवं झोपवून पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जातं. आणि घाई नको. २०१५ साली २,१०४ रुग्णांच्या एका चाचणीत झटक्यानंतर चोवीस तासांच्या आतच उठवून जास्त हालचाल करायला लावलेल्यांत चांगली सुधारणा झालेले ४६ टक्के निघाले, नेहमीच्या पद्धतीने वागवलेल्यांत ५० टक्के. कधी उठवायचं, हे डॉक्टरांना विचारा.

उभं राहता न येणाऱ्याला योग कसा जमेल, असं विचारणाऱ्यांसाठी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचं उदाहरण आहे. खुर्ची, विटा, पट्टे, दोर, उशा घेऊन त्यांनी आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना आसनांत बसवलं. ताठ पाठीच्या खुर्चीत दोन्ही पावलं जमिनीला टेकवून सरळ बसणं, दोन्ही ढुंगणांवर सारखा भार घेणं, लांब श्वास सोडत खांदे खाली आणणं. वारं गेलेल्या माणसाला हे एवढंही सुरुवातीला डोंगर चढण्यासारखं असतं. त्याला योग म्हणायला लाजू नये.

आता सर्वांत अवघड मुद्दा. हे सगळं घरच्यांनी शिकून घेतलं की झालं का? भारतातच याची परीक्षा झाली. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्या एका माणसाला व्यायाम आणि सराव कसा करून घ्यायचा ते शिकवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. २०१७ साली हे छापून आलं तेव्हा अनेकांचा हिरमोड झाला. याचा अर्थ घरच्यांनी हात झटकावेत असा नाही. शेतातून दमून आलेल्या मुलावर आणि तीन पिढ्यांचं करणाऱ्या सुनेवर फिजिओथेरपिस्टचंही काम टाकून व्यवस्थेला मोकळं होता येणार नाही, असा अर्थ मात्र काढता येतो. शिवाय झटका आलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना नैराश्य येतं. व्यायाम करत नाही म्हणून ज्याला आळशी ठरवलं, तो कदाचित उपचाराविना राहिलेला नैराश्याचा रुग्ण असतो. कुढत बसलेल्या माणसाला मन लाव म्हणणं सोपं आहे. त्याचं मन आधी डॉक्टरला दाखवावं लागतं.

धीर द्यायचा असेल तर लुई पाश्चरचं उदाहरण द्या. १८६८ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचं डावं अंग गेलं. डावा हात-पाय जन्मभर अधूच राहिला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस त्यांनी १८८५ साली दिली, म्हणजे झटक्यानंतर सतरा वर्षांनी. हात पूर्ण बरा होणं आणि आयुष्य चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग यवतमध्ये काय करता येईल? याच सोलापूर रस्त्यावर पुण्याच्या अंगाला उरुळी कांचन आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आले. निसर्गोपचाराचं केंद्र आधी पुणे शहरात डॉ. दिनशा मेहतांच्या दवाखान्यात करायचं घाटत होतं, पण शहरातली जागा खेड्यातल्या गरिबाच्या कामाची नाही, हे गांधीजींना पटलं आणि ते खेड्यात आले. पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला. निसर्गोपचाराने मेंदूतली गुठळी विरघळत नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे. पण आजारी माणसाने शहराकडे जाण्याऐवजी उपचाराने खेड्याकडे यावं, हा विचार पक्षाघाताच्या बाबतीत शंभर टक्के लागू आहे. आठवड्यातून तीन वेळा पुण्याला गाडी करून कोण नेणार?

त्यामुळे सूचना अशी. मंदिराचा मंडप किंवा शाळेचा हॉल, आठवड्यातून दोन सकाळी. बिनचाकांच्या, ताठ पाठीच्या दहा-बारा खुर्च्या. चार आरसे. एक फिजिओथेरपिस्ट, ज्याचं मानधन ग्रामपंचायत, साखर कारखाना किंवा बँक देईल. योग शिकवणारा एक, पण फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे चालणारा. भजनी मंडळातले दोन टाळकरी. एका बाजूला शेंगा, ज्वारी, लसूण यांची पोती. एकट्याने घरी बत्तीस वेळा हात उचलणारा माणूस चारचौघांत, गप्पा मारत, शेजाऱ्याशी चुरस लावत किती वेळा उचलेल, हे मोजायला एक वही.

आणि दारात रक्तदाबाचं यंत्र, फक्त रुग्णांसाठी नव्हे, त्यांना घेऊन येणाऱ्यांसाठीही. पक्षाघाताचं सर्वांत मोठं टाळता येण्याजोगं कारण वाढलेला रक्तदाब हेच आहे, आणि तो दिसत नाही. खुद्द गांधीजींचा रक्तदाब १९४० साली २२० वर ११० नोंदला गेला होता, आणि हा माणूस रोज मैलोन्‌मैल चालणारा, मोजून खाणारा! गोळीची सवय लागते, म्हणून दोन महिन्यांत ती बंद करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. रक्तदाबावरच्या औषधांच्या इतिहासात आपल्या सर्पगंधेचं नाव आहे, आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्यावरचा आपला निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून जगाचं लक्ष तिच्याकडे वेधलं. आज तिच्या जागी अधिक चांगल्या गोळ्या आल्या आहेत, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा आरोग्याचा फॉर्म भरायला दारात येते. तिला उद्या या, म्हणून परत पाठवू नका. ज्यांच्या घरात खाटेवर माणूस आहे, त्यांनी सभागृहाबाहेर पडताना संयोजकांकडे नाव आणि वाडी-वस्ती लिहून द्यावी. मंडपात खुर्च्या किती लागतील, ते त्या यादीवरून ठरवता येईल.